पलीकडच्या खोलीतली फाईल
(चेन्नईतील मराठी श्रोत्यांसमोर वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या या चेन्नईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली वर येतात. सिंगापूरला जोडणारी एक २००२ साली सुरू झाली, ती सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीची. अंदमानला जाणारी २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, ती दोन हजार तीनशेच्या आसपास. एवढ्या लांबून क्रिकेटचा सामना न अडखळता घरात येतो आणि पलीकडच्या खोलीतल्या डब्यात ठेवलेले बारशाचे फोटो मात्र उघडत नाहीत. यात नवल नाही. समुद्रातल्या केबलीवर रात्रंदिवस डोळा ठेवायला पगारी माणसं असतात. घरातलं नेटवर्क अर्धं फायबरवाल्याने, पाव भाच्याने आणि उरलेलं आपण स्वतः जोडलेलं असतं, आणि कोणी काय केलं याची नोंद कुठेच नसते.

डबा म्हणजे नॅस. नेटवर्कला जोडलेली, घरातल्या सगळ्यांची सामाईक हार्ड डिस्क. तो दिसेनासा झाला की पहिला उद्गार ठरलेला : "डिस्क गेली!" माझं म्हणणं असं, की डिस्क गेली हे सगळ्यांत शेवटी मानावं, आणि तोवर डिस्कवर काहीही लिहू नये. घाबरलेला माणूस डबा उघडतो, डिस्क काढून यूएसबीने लॅपटॉपला लावतो. विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? डब्यातली मांडणी बहुधा लिनक्सची असते, ती विंडोजला वाचता येत नाही, म्हणून हा प्रश्न. तिथे 'हो' म्हटलं की तोवर धडधाकट असलेला डेटा खरोखरच संकटात येतो.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. साहुकारपेठेत खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत, तेव्हा तिथलंच धरू. खाली दुकान, वर बिऱ्हाड. फायबरवाल्याने त्याचा वायफायचा राऊटर खाली बसवला. वर रेंज येईना म्हणून दुसरा राऊटर आणून वर लावला आणि नॅस त्याला जोडला. वरच्या लॅपटॉपवर नॅस झकास उघडतो, खालच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर दिसतसुद्धा नाही. गंमत म्हणजे वरून खालच्या प्रिंटरवर छापता येतं. मग घरात वाद : तुझाच कॉम्प्युटर जुना आहे, तुलाच येत नाही.

दोष कोणाचाच नाही. या घरात एक नेटवर्क नसून दोन आहेत. वरचा राऊटर सोसायटीच्या वॉचमनसारखा वागतो : आतल्याला बाहेर सोडतो, बाहेरच्याला आत घेत नाही. आणि त्याच्या दृष्टीने खालचं दुकान बाहेरच! ओळखायचं कसं? दोन्ही कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' लिहा आणि पत्ते ताडून पाहा. एक १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसरा १९२.१६८.० ने, म्हणजे चोर सापडला. वरच्या राऊटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलं की पत्ते वाटायचं काम एकट्या खालच्याकडे राहतं आणि सगळं घर एका नेटवर्कात येतं. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत, ते साहजिक आहे.

घर एकाच नेटवर्कात असूनही डबा सापडत नसेल, तर त्याला नावाने नव्हे, पत्त्याने हाक मारा. फोल्डरच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे आकडी पत्ता. पत्त्याने उघडला आणि नावाने नाही, तर गोंधळ फक्त नावाचा आहे. पत्त्यानेही उघडत नाही, पण त्याच काळ्या खिडकीतून त्या पत्त्यावर केलेल्या 'पिंग'ला उत्तर येतं, म्हणजे वाट चालू आहे आणि अडचण दारावर आहे. पिंगलाही उत्तर नाही, तर केबल, वीज किंवा बदललेला पत्ता. वीज जाऊन आली की राऊटर पुन्हा पत्ते वाटतो, आणि काल वीस नंबरवर असलेला डबा आज सत्तावीसवर जातो. शॉर्टकट जुन्याच नंबरवर हाका मारत बसतो. राऊटरमध्ये डब्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला की हा प्रकार थांबतो.

दारावरच्या अडचणींना थोडा इतिहास आहे. विंडोज फायली वाटण्यासाठी जी भाषा बोलतं ती एसएमबी, १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेवरून जाणारी पाकिटं न्याहाळून ती आत्मसात केली आणि सांबा हे मोफत सॉफ्टवेअर लिहिलं. आज घरगुती नॅसमध्ये बहुधा तेच चालतं. या भाषेची पहिली आवृत्ती २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर बदनाम केली. त्याच वर्षाच्या शेवटाकडे विंडोज १० ने ती नव्याने बसवताना वगळायला सुरुवात केली, आणि कितीतरी जुने, चांगले चालणारे डबे एका अपडेटनंतर मुके झाले. पुढे २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने प्रो प्रकारात बिनपासवर्डच्या पाहुण्याला दार बंद केलं. "काल चालत होतं, आज नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा असं अपडेट असतं. अशा वेळी इंटरनेटवर मिळणारा सल्ला असतो, जुनी आवृत्ती परत चालू करा. करू नका. डब्याचं सॉफ्टवेअर ताजं करा, प्रत्येकाला नाव-पासवर्ड द्या. डबा फारच म्हातारा असेल तर आतलं उतरवून घेऊन त्याला निवृत्त करा.

पासवर्डाचीही एक गंमत आहे. विंडोज पासवर्ड मागतं आणि लोक लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन टाकतात. तो पिन त्या लॅपटॉपापुरता असतो, डब्याला त्याचा पत्ताच नसतो. आणि पूर्वी चुकीचा पासवर्ड साठवून ठेवला असेल, तर विंडोज तोच निमूटपणे पुढे करत राहतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन तो पुसावा लागतो.

फाईल उघडते पण रांगते, असंही होतं. केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. एक जोडी उंदराने कुरतडली किंवा टोकाला गंजली, तरी पुष्कळदा नेटवर्क बंद पडत नाही, दहापट हळू होतं. सेकंदाला शंभरच्या आसपास मेगाबाइट जायला हवेत तिथे अकरा-बारा जात असतील, तर आधी केबल बदला.

डबा इंटरनेटवर उघडा ठेवणं हे मात्र आपण ओढवून घेतलेलं दुखणं. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या डब्यांच्या मालकांना जगभर एकच अनुभव आला : डबा चालू, आत काही नाही. दूरवरून कोणीतरी तो कारखान्यातून आला तसा कोरा केला होता. कंपनीने सल्ला दिला तो डबा इंटरनेटपासून तोडण्याचा.

राहता राहिला आपल्या चेन्नईचा प्रश्न. डब्यात दोन डिस्क आरशासारख्या लावल्या की लोक निश्चिंत होतात. पण एकीवरची फाईल पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी जाते, आणि पाणी आलं तर दोन्ही एकदमच भिजतात. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदी सैदापेट, कोट्टूरपुरमच्या घरांत शिरली. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळात वेळचेरीकडे पाणी साचलं. तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेला डबा अशा वेळी आधी बुडतो. तो वर न्या, छोट्या यूपीएसवर ठेवा, आणि दुसरी प्रत शहराबाहेर असू द्या. गलाईवाल्यांना हे सोपं आहे. यात्रेला किंवा दिवाळीला गावी जाणं होतंच. तेव्हा एक पासवर्डबंद डिस्क विट्याच्या घरी ठेवायची, तिथली जुनी घेऊन यायचं आणि ती इथे ताजी करायची. पासवर्ड घरातल्या किमान दोघांना माहीत हवा. आणि गावी डिस्क ठेवण्याआधी तिच्यातली एखादी फाईल प्रत्यक्ष उघडून बघा.