‘आउटलॉ’ म्हणजे दरोडेखोर नव्हे



अमेरिकेतून आलोय म्हटल्यावर मी संगणकावर नाहीतर डॉलरवर बोलेन, असं तुम्हाला वाटलं असणार. मी गाण्यांवर बोलणार आहे. आपल्या तांत्रिकच्या तासाला फाइल घासायला शिकलेले हे हात गेली बावीस वर्षं टेक्सासमधल्या मशीन शॉपमध्ये लेथ चालवतात. तिथे माझ्याबरोबरची माणसं ज्या गाण्यांवर जगतात, त्यांना ‘आउटलॉ कंट्री’ म्हणतात. आउटलॉ म्हणजे कायद्याबाहेरचा, फरारी. पण भांडण कायद्याशी नव्हतंच. आपल्या कामावर हुकूम कोणाचा, याचं ते भांडण होतं.

१९६०च्या दशकात नॅशव्हिल शहर म्हणजे या संगीताचा कारखानाच. गाणं कुठलं, वादक कोण, मागे व्हायोलिनं किती, सगळं कंपनीचा प्रोड्यूसर ठरवी. वेलन जेनिंग्जबरोबर गावोगाव वाजवणारी त्याची माणसं रेकॉर्डिंगच्या वेळी बहुतेकदा बाहेर! हे माझ्या सहकाऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही. यंत्राची नस आपल्याला ठाऊक, आणि ते कसं चालवायचं ते वरच्या केबिनमध्ये ठरतं. १९७२च्या सुमारास वेलनने कंपनीशी भांडून आपला हक्क मिळवला. लहानपणी टेक्सासच्या शेतात कापूस वेचलेला विली नेल्सन नॅशव्हिल सोडून ऑस्टिनला आला. १९७५चा त्याचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ इतक्या मोजक्या वाद्यांत झाला, की कंपनीच्या साहेबांना तो कच्चा खर्डा वाटला. पण करारात शेवटचा शब्द विलीचा होता. तसाच निघाला आणि तुफान खपला.

पुढच्याच वर्षी गंमत बघा. कंपनीनेच जुनी गाणी गोळा करून ‘वाँटेड! द आउटलॉज’ बाजारात आणला, आणि प्लॅटिनमचा शिक्का मिळालेला तो पहिला कंट्री अल्बम ठरला. बंडही विकायला ठेवलं! त्यातल्या चार गायकांत बाई एकच, जेसी कोल्टर. काळ्या कामगारांचे आवाज तर या संगीतात फारच थोडे. हे मला खटकतं, आणि शॉपमध्ये मी ते बोलूनही दाखवतो.

मला सर्वांत जवळचा मर्ल हॅगर्ड. आईवडील पोटासाठी ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात आलेले. घर म्हणजे रेल्वेचा जुना डबा. वडीलही रेल्वेतच, मर्ल नऊ वर्षांचा असताना ते गेले. पोरगा वाया गेला, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पोचला. सुटून आल्यावर तो बेकर्सफील्डच्या बारमध्ये, तेलविहिरींवर राबणाऱ्यांपुढे गायला. १९७३ सालच्या त्याच्या एका गाण्यात नाताळच्या तोंडावर कामावरून कमी केलेला बाप आहे. बापाला नाताळ का परवडत नाही, ते त्याच्या लहान मुलीला कळत नाही.

२००९च्या मंदीत आमच्याकडेही यादी लागली. माझं नाव नव्हतं. माझ्या शेजारच्या लेथवरच्या माणसाचं होतं. त्या आठवड्यात दुपारच्या पाळीला रेडिओवर नेमकं हेच गाणं लागलं. कोणीतरी आवाज वाढवला. कोणी काही बोललं नाही, मशीनं मात्र बंद झाली. फोरमनही गाणं संपेपर्यंत दारातच थांबला.

जेवणानंतर ज्यांना ऐकायचंय त्यांनी मागच्या व्हरांड्यात या, गाणी मोबाइलवर आणली आहेत. इंग्रजीच्या बाईंनी उच्चारांवरून रागावू नये. पहिली दोन वर्षं मलाही एक शब्द कळत नव्हता.