डोंगरउतारावरील गवतकापणी आणि डिझेलचा हिशेब
(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



कार्यकारी मंडळाने आम्हांस यंदा चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न उभा राहिला. ज्ञातीचा इतिहास, शिक्षणाचे महत्त्व, विवाहातील खर्च या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते यापूर्वी बोलून गेले आहेत. परंतु गेल्या वर्षभरात जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांतील अनेक घरांतून आम्हांस एकच प्रश्न विचारण्यात आला: “गुरुजी, गवत कापायला छोटा ट्रॅक्टर घ्यावा का? परवडेल का?” आम्ही यंत्रज्ञ नव्हे. मात्र आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविले असल्याने हिशेब मांडण्याची खोड जडली आहे. तोच हिशेब आज आपणांपुढे ठेवतो.

आपल्या भागाची घडण आपणांस नव्याने सांगावयास नको. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसले आहे आणि खोडाळा, सूर्यमाळकडे जमीन त्याहूनही चढती आहे. भाताची खाचरे थोडी आणि नागली-वरईची वरकस जमीन फार, असे बहुतेक घरांचे चित्र आहे. वरकसावर पावसाळ्यात पुरुषभर गवत माजते. तेच गुरांची वैरण, तेच राबाला उपयोगी आणि तेच विकून चार पैसे मिळतात. या गवताच्या पोटी माणसांनी मोठी झुंजही दिली आहे. १९४५ साली शेजारच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली बांधवांनी जो संप केला, तो गवतकापणीच्या मजुरीचाच होता; पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत ही त्यांची मागणी होती. गवत कापणे हे किती कष्टाचे काम आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता अडचण वेगळी आहे. गवत कापणीस येते ते दिवाळीच्या सुमारास, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या वाड्यापाड्यांतील धडधाकट माणसे वीटभट्ट्यांच्या आणि बांधकामांच्या वाटेला लागतात. विळा धरणारे हात उरत नाहीत. उभे गवत वाळते, त्याचा कस जातो आणि माघ-फाल्गुनात वणव्याच्या तोंडी पडते. म्हणून यंत्राचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

आमच्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी तोच विचार केला. कर्ज काढून चोवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडावयाचे चार फुटी फिरत्या पात्याचे स्लॅशर त्याने आणले. विकणाराने सांगितले होते, ताशी तीन लिटर डिझेल लागते. पहिल्या हंगामाच्या अखेरीस तो कपाळाला हात लावून आमच्याकडे आला. म्हणाला, “काका, तासाचा आकडा बरोबर आहे, पण डिझेलचे पैसे दुप्पट झाले. ट्रॅक्टरच खराब निघाला.”

आम्ही त्याला म्हटले, “ट्रॅक्टरला दोष देण्याआधी वही काढ.”

मोजण्याची रीत साधी आहे. सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरावी, काम करावे, पुन्हा त्याच जागी आणून गळ्यापर्यंत भरावी. जितके डिझेल मावले तितके खर्ची पडले. सोबत वेळ आणि कापलेले क्षेत्र लिहावे. दुसऱ्या हंगामात आम्ही काका-पुतण्यांनी असे केले. वरच्या माळावर एकरी पावणेपाच लिटर आले. खालच्या उतारावर एकरी साडेसात. आणि ताशी खर्च? दोन्हीकडे तीनच लिटर!

यातील मर्म असे. डिझेलचे इंजिन ठीक भारावर चालत असता एक अश्वशक्ती तासभर मिळविण्यास साधारण पाव लिटर तेल खाते. तीन लिटर म्हणजे सरासरी बारा अश्वशक्तीचे काम. माळावर ताशी तीन किलोमीटर वेगाने, चार फुटी पात्याने, वळणे आणि एकावर एक येणारे पट्टे वजा जाता तासाला सुमारे पंचवीस गुंठे होतात. उतारावर वेग कमी करावा लागतो, चाक घसरते, वळण्यास जागा शोधावी लागते, कातळ दिसला की थांबावे लागते; तासाला सोळा गुंठेच होतात. पाते मात्र सारा वेळ त्याच वेगाने फिरत असते, समोर गवत असो वा नसो. तेव्हा ताशी आकडा हा फसवा आकडा आहे. शेतकऱ्याने तासाचा नव्हे, एकराचा हिशेब मागितला पाहिजे. लिटरला नव्वद रुपये धरले तर उतारावरील प्रत्येक एकर माळापेक्षा सुमारे अडीचशे रुपयांनी महाग पडतो.

चढाचे ओझेही मोजून पाहू. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. ट्रॅक्टर, स्लॅशर आणि चालक मिळून अकराशे किलो धरा. शंभर फूट पुढे जाताना वीस फूट चढ, असा उतार धरा. ताशी तीन किलोमीटर वेगाने गेल्यास दर सेकंदास सुमारे सोळा सेंटिमीटर उंची चढावी लागते. गुणाकार-भागाकार केल्यास जवळजवळ अडीच अश्वशक्ती केवळ हे धूड वर नेण्यात जाते. उतरताना त्यातील काही भरून निघते, पण सारे नाही. शिवाय आपल्या उंचीवर हवा किंचित विरळ असल्याने साध्या इंजिनाची शक्ती चार-पाच टक्क्यांनी घटते, तीही विसरू नये.

मग डिझेल वाचवावे कसे? आम्हांस अनुभवाने जे कळले ते सांगतो. पाते धारेचे ठेवावे. बोथट पाते गवत कापीत नाही, झोडपते, आणि त्या झोडपण्याचे तेल आपण भरतो. सकाळचे दव उडाल्यावर कामास लागावे. कुसळ आणि भूस रेडिएटरच्या जाळीवर बसते, इंजिन तापते. एअर फिल्टर त्याच भुशाने कोंडतो. दर दोन तासांनी दोन्ही साफ करावे. सायलेन्सरजवळ साचलेले वाळके गवत तर लगेच काढावे, कारण वणव्यास एक ठिणगी पुरते. ट्रॅक्टरच्या मागील फिरत्या दांड्यास, म्हणजे पीटीओस, कमी इंजिनवेगावर तोच वेग देणारा गिअर असेल, तर विरळ गवतात तो वापरावा. पट्टे लांब धरावेत, म्हणजे वळणे कमी होतात.

परंतु तेलापेक्षा मोठी एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. गेल्या कार्तिकात पुतण्या उताराला आडवा चालवीत होता. उंच गवतात दडलेल्या वारुळावर वरच्या बाजूचे चाक चढले आणि खालचे खळग्यात गेले. ट्रॅक्टर कलंडला. दैव बलवत्तर म्हणून ऐनाच्या एका जुन्या बुंध्याला टेकून अडला. आंब्याच्या फांद्या लागतात म्हणून पाठीमागची संरक्षक चौकट त्याने दुमडून ठेवली होती, ती तशीच राहिली होती. त्या रात्री त्याची आई जेवली नाही. आम्हीही जेवलो नाही. एकराला अडीचशे रुपये वाचविण्यासाठी की घालविण्यासाठी आपण हा जीव पणाला लावला, हा प्रश्न आम्हांस अजून सुटत नाही.

म्हणून ऐका. छोट्या ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर कमी असते, तो आडव्या उतारावर लवकर कलंडतो. चालवावयाचाच तर सौम्य उतारावर, वर-खाली चालवावा. मागे जड अवजार असता तीव्र चढ सरळ चढू नये, पुढची चाके उचलतात. उतरताना गिअर काढून न्यूट्रल करू नये. चारही चाकांना गती देण्याची सोय असल्यास उतरणीवर ती लावावी आणि दोन्ही ब्रेकची पट्टी एकत्र जोडावी. चौकट उभी आणि पट्टा कमरेला, हा नियम मोडू नये. यंत्र नेण्याआधी विळा घेऊन पायी फिरावे. वारूळ, खुंट आणि कातळ दिसेल तेथे फांदी रोवावी.

आणखी एक विचार. फिरते पाते गवताचे तुकडे करते. त्याच्या पेंढ्या बांधता येत नाहीत, भारा होत नाही. बाएफ संस्थेच्या वाडी कार्यक्रमामुळे आपल्या तालुक्यांत आंबा-काजूच्या वाड्या उभ्या राहिल्या आहेत. तेथे झाडांच्या ओळींतून हे स्लॅशर फिरविले तर ते तुकडे आच्छादन म्हणून मुळाशी पसरता येतात. परंतु वैरणीसाठी गवत हवे असेल, तर कात्रीसारखी मागेपुढे सरकणारी पाती असलेले यंत्र चांगले. ते गवत बुडाशी कापून आडवे पाडते आणि त्याला शक्तीही पुष्कळ कमी लागते. दगडाशी मात्र त्याचे वैर आहे. जेथे तेही जात नाही तेथे खांद्यावरचा ब्रश कटर, आणि जेथे तोही धोक्याचा तेथे आपला जुना विळा. विळ्याचे काम करणाऱ्यास मजुरी देताना माळावर यंत्राने वाचविलेल्या पैशाची आठवण ठेवावी. अवघड जागेचे काम त्यांच्या वाट्यास येते.

तात्पर्य, ट्रॅक्टर घ्यावा का, या प्रश्नास आमचे उत्तर असे. आधी जमीन पायी मोजा. माळ किती, सौम्य उतार किती आणि कडा किती हे वहीत लिहा. यंत्राचा हिशेब पहिल्या दोहोंचाच करा. तेवढ्या एकरांवर कर्जाचा हप्ता आणि डिझेल सुटत नसेल, तर एकट्याने घेऊ नका. पाच-सहा घरांनी मिळून घ्या किंवा भाड्याने आणा. शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेतून अनुदान मिळते हे खरे. परंतु अनुदानाने यंत्राची किंमत कमी होते, उतार कमी होत नाही.

आमच्या पुतण्याने आता खालचा उतार यंत्रास वर्ज्य केला आहे. तेथे यंदा दोन शेजारी आणि आम्ही विळ्याने कापले. ट्रॅक्टर माळावर आणि इतरांच्या वाड्यांत चालतो, हप्ता फिटत आहे. आणि त्याच्या वहीत आता तासांचा रकाना नाही, एकरांचा आहे.