लोंगर उतरल्यावर

श्रोतेहो, मी आगाशीचा, तेव्हा बोलण्यात केळी येणारच. तेवढी सोसून घ्या.

विषय मिळालाय ‘गेलं ते सोडताना’. आयुष्यावर व्याख्यान देण्याइतकी मिनिटं नाहीत आणि माझी तेवढी लायकीही नाही. माझं एकच म्हणणं आहे, तेही माझ्याच वयाच्या मंडळींना. आपण केलं ते चांगलं केलं, पण आता त्याच्यावर ठाण मांडून बसू नका.

केळीच्या एका बुंध्याला लोंगर एकदाच येतो. तो उतरवला की मग कितीही शेणखत घाला, त्या बुंध्याला दुसरा येत नाही. शेजारी पिलं उभी असतात, पुढचं पीक त्यांच्यावर. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण जाणता बागायतदार तो बुंधा त्याच दिवशी मुळासकट उपटत नाही, इकडे लक्ष द्या. वरचा भाग छाटून कंबरेएवढा उभा ठेवतो. त्यातलं पाणी, त्यातलं अन्न कंदातून पिलाकडे जात राहतं. मग तो सुकतो आणि कुजून तिथेच खत होतो.

आपण काय करतो? एक तर बुंध्याला हार घालतो, नाहीतर जुनं म्हणून एका झटक्यात उपटून फेकतो. दोन्हीत पिलू उपाशी.

आमच्या ओळखीच्या एका घरात सुकेळी करतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात मांडायची, रोज उलटायची आणि संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, असे बरेच दिवस. मग वाळक्या पानात बांधायची. सून म्हणाली, जाळीच्या पेटीत वाळवू, धूळ बसणार नाही, माशा येणार नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंनी असं कधी केलं नाही.” झालं, पेटी माळ्यावर! आता ऊन किती द्यायचं, केळं बोटाला कसं लागलं की उलटायचं, हे त्या बाईंच्या हातात आहे. ते सुनेला द्यायचं सोडून त्या चटईवर अडून बसल्या. अहो, चटई सोडा, हात द्या. मी पुन्हा म्हणतो, हात द्या.

आमच्या गावाचंच बघा ना. सोळाव्या शतकात आगाशी गलबतं बांधण्यासाठी आणि इमारती लाकडाच्या व्यापारासाठी नावाजलेली होती. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये नाव येतं ते सुक्या केळ्यांचं. गाव तेच, पाणी तेच. गलबतांवर अडून बसले असते तर सुकेळी कुणी केली असती?

नाटकातलं एक उदाहरण देतो, वेळ आहे ना? केशवराव दाते 1907 मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीत आले ते स्त्रीभूमिका करत. पुढे लुगडं सोडून पुरुषपार्टी झाले. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ त्यांनी बसवलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. म्हणजे आपण जे काम करून पुढे आलो, त्याची गरज संपवणाऱ्या नाटकाचा दिग्दर्शक हाच माणूस! आणि चालणं, बोलणं, थांबणं यांची जी जाण आधीच्या कामातून आली होती, ती काही त्यांनी फेकली नसणार. 1937 च्या ‘कुंकू’ चित्रपटात त्यांनी केलेला म्हातारा नवरा आठवा. बालगंधर्व मात्र पन्नाशी उलटल्यावरही शालूत उभे राहिले. त्यांच्या गाण्यापुढे मी कान धरतो, त्यात वादच नाही. पण ते गाणं मी डोळे मिटूनच ऐकेन.

तेव्हा भजनी मंडळातल्या बुवांनो, चाल एकदा पोरांना लावू द्या. बेसूर झाली तर टोका, पण पेटी काढून घेऊ नका. आणि पोरांनो, बुवांना लगेच घरी बसवू नका, कंबरेएवढा बुंधा ठेवायचा असतो, सांगितलं ना मघाशी.

पिलांतलंही एकच राखायचं, बाकीची काढायची, हे सगळ्यात अवघड. नवं सुचतं तेव्हा दहा गोष्टी सुचतात, त्यातली कुठली... काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात झाला. ते राहिलंच.