बीटाचं रोप करा, गाजराचं बीच पेरा



दसरा-दिवाळीच्या सुमारास भाजीपाला करणारे शेतकरी आणि गच्चीवर बाग फुलवणाऱ्या भगिनी एक प्रश्न हमखास विचारतात. टोमॅटो, वांगी, कोबीची रोपं आम्ही ट्रेमध्ये करतो, मग मुळा, गाजर, बीट यांची का करू नयेत? प्रश्न अगदी रास्त आहे. माझं उत्तर असं, की बीटाची रोपं जरूर करा, गाजर-मुळ्याची मात्र करू नका.

बी रुजलं की आधी सोटमूळ खाली जातं आणि त्याच्या टोकाशीच वाढीचा नाजूक भाग असतो. गाजर म्हणून आपण खातो ते मुख्यतः हेच सोटमूळ. ट्रेच्या कप्प्यात ते तळाला टेकलं की वळतं. रोप काढताना टोक तुटलं, तर बाजूची मुळं जाड व्हायला लागतात आणि काढणीला दोन-तीन फाटे फुटलेलं गाजर हाती येतं. चवीला ते काही वाईट नसतं, पण बाजारात त्याला कोणी विचारत नाही. लांब पांढऱ्या मुळ्याचंही तेच. शिवाय मुळा चार-पाच दिवसांत उगवतो आणि दीड महिन्यात काढणीला येतो. त्याची रोपं करून वाचवायचं तरी काय?

बीटाची घडण वेगळी. त्याच्या गोल गड्ड्याचा वरचा बराचसा भाग मुळाचा नसतोच. पहिली दोन बीजदलं आणि मूळ यांच्यामध्ये जो लालसर कोवळा दांडा दिसतो, तो फुगून हा भाग तयार होतो. खाली निमुळती होत गेलेली शेपटी ती मुळाची. म्हणून लावताना शेपटीला थोडा धक्का बसला, तरी गड्डा बहुधा गोल धरतो. सलगमचंही बरंचसं असंच आहे. नवलकोलचा गड्डा तर खोडाचाच, आणि त्याची रोपं आपण कोबीसारखी लावतच आलो आहोत.

जपानच्या होक्काइडो बेटावर उन्हाळा तोकडा असतो. तिथले शेतकरी 1960 च्या दशकापासून साखरेच्या बीटाची रोपं मधाच्या पोळ्यासारख्या जोडलेल्या कागदी नळ्यांमध्ये वाढवतात. बाहेर गारठा असताना रोपं हरितगृहात असतात आणि जमीन ऊबदार झाली की नळीसकट शेतात लागतात. मूळ उघडं पडतच नाही, हे त्यातलं मर्म.

आपली अडचण उलटी आहे. थंडी आपल्याला हवी असते, पण ती थोडेच दिवस टिकते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडतो, काळं रान वाफशावर येत नाही, कुठे सोयाबीन अजून उभं असतं. पेरलंच, तर पावसानं वर पापडी धरते आणि कोंब खालीच गुदमरतो. तेवढ्या वेळात ट्रेमध्ये बीटाचं रोप तीन आठवड्यांचं होतं. हा पल्ला फार मोलाचा आहे.

आता बीटाचं बी जरा हातात घेऊन बघा. मिऱ्याएवढं, खडबडीत, बुचासारखं हलकं. ते एक बी नाही. फळांचा तो एक गुच्छ आहे आणि त्यात दोन ते पाच बिया असतात. त्याच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी स्वच्छ पाण्यानं खळखळून धुवा. 98 कप्प्यांचा ट्रे ओलसर कोकोपीटनं भरा आणि प्रत्येक कप्प्यात एकच गुच्छ दीड सेंटिमीटर खोल टाका. घरी करणार असाल, तर तळाला भोक पाडलेला कागदी पेला उत्तम, कारण त्यात मुळाला खोली मिळते.

आठवडा-दहा दिवसांत एकेका ठिकाणी तीन-चार कोंब वर येतील. सगळ्यात जोमदार तो ठेवा आणि बाकीचे कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. पाणी बेतानं द्या. सतत चिंब ठेवलेली रोपं बुंध्याशी सडून कोलमडतात.

बीजदलांखेरीज दोन-तीन खरी पानं आली की लागवड करा. रोप आणखी मोठं होऊ द्यावंसं वाटतं, पण तो मोह टाळा. पाच-सहा आठवडे कप्प्यात अडकलेल्या रोपाची मुळं आत गोल फिरतात आणि गड्डा वेडावाकडा होतो. आधी चार-सहा दिवस पाणी थोडं कमी करून रोपं उन्हाला सरावू द्या. मग दुपार टळल्यावर, ओल्या वाफ्यात, दोन ओळींत 30 आणि दोन रोपांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवून मुळांभोवतीच्या कोकोपीटसकट लावा. शेपटी सरळ खाली गेली पाहिजे, म्हणून खड्डा बोटभर खोल हवा. लगेच पाणी द्या.

आणि गाजर? ते जिथे वाढायचं तिथेच पेरा. जमीन वीतभर खोल भुसभुशीत करा, खडे वेचा. ताजं शेणखत घालू नका, त्यानंही फाटे फुटतात. बी बारीक असतं, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून पेरा आणि वर ओलं गोणपाट अंथरा. उगवायला दोन आठवडेही लागतात, धीर धरा. सहाव्या दिवसापासून रोज गोणपाटाची कड उचलून बघत चला. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढून घ्या, नाहीतर कोंब विणीत अडकून तुटतात.