लिलावानंतर बोज्यांचे काय होते?



१९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सार्वजनिक उपक्रमामुळे पाताळगंगेकाठच्या रसायनीचे नाव देशभर झाले. २०१७ साली केंद्र सरकारने तेथील बहुतेक उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८ कोटी ८० लाख रुपयांना विकून देणी भागविण्याची ती योजना होती. हा लिलाव नव्हता. तथापि त्यातील तत्त्व सर्वत्र लागू आहे. ऋणकोची जमीन विकली जाते तेव्हा तिच्या किमतीवर पहिला हात धनकोंचा असतो.

मोहोपाड्यातील गाळा असो वा कर्जत-खालापूरमधील बिनशेती भूखंड असो, बँकेने लिलाव केला म्हणजे मालमत्ता सर्व बोज्यांतून मुक्त झाली, असा समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चा सर्वसाधारण नियम असा की, आधी निर्माण झालेला हक्क नंतरच्या हक्कापेक्षा वरचढ. समजा, एका भूखंडावर प्रथम दहा लाखांचे व नंतर चार लाखांचे गहाण आहे. पहिल्या गहाणदाराने केलेल्या विक्रीतून खर्च वजा जाता बारा लाख आले, तर दहा लाख त्याचे व उरलेले दोन लाख दुसऱ्याचे. दुसऱ्याचा जमिनीवरील बोजा संपतो. बाकीच्या दोन लाखांसाठी त्याला ऋणकोकडेच जावे लागते. उलट, दुसऱ्याने विक्री केली, तर पहिल्याचा बोजा जमिनीबरोबर खरेदीदाराकडे जातो. दावा न्यायालयात असेल, तर सर्व हितसंबंधितांना पक्षकार करावे लागते. वगळलेल्या नंतरच्या गहाणदाराचा पूर्वीचे गहाण सोडविण्याचा हक्क शाबूत राहतो.

सशर्त विक्रीच्या गहाणात न्यायालय गहाण सोडविण्याचा हक्कच कायमचा बंद करू शकते. तेथे विक्री नाही, म्हणून शिल्लकही नाही. नंतरच्या धनकोने वेळीच पूर्वीचे कर्ज फेडले नाही, तर त्याच्या हाती काही उरत नाही.

या क्रमाला अपवाद आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये जमिनीच्या महसुलाची थकबाकी हा त्या जमिनीवरील सर्वोच्च बोजा होय. विक्रीकरासारख्या शासकीय येण्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात निर्णय दिला. केंद्रीय नोंदवहीत तारणाची नोंद केलेल्या बँकेला अग्रक्रम मिळतो. मात्र २४ जानेवारी २०२० पूर्वी शासनाची रीतसर जप्ती व तिची उद्घोषणा झालेली असल्यास तो मिळत नाही.

शेतजमिनीला २००२ चा बँक-वसुलीचा कायदा लागू नाही. सहकारी संस्थेची वसुली मात्र सहकार कायद्याने होऊ शकते. ठाकर-कातकरी बांधवांच्या जमिनी बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून जाऊ शकत नाहीत. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतील विक्रीही यातून सुटलेली नाही.

म्हणून बोली लावण्यापूर्वी सातबाऱ्यावरील इतर हक्क, फेरफार, दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोन व केंद्रीय नोंदवही पाहावी. घरपट्टीची बाकी ग्रामपंचायतीत विचारावी. ‘जशी आहे तशी’ या शब्दांखाली विकलेल्या मालमत्तेचा दोष पुष्कळदा खरेदीदाराच्याच माथी येतो.

ऋणकोच्या दृष्टीने वेळेचे महत्त्व त्याहून मोठे आहे. २००२ च्या कायद्यान्वये मागणीची नोटीस मिळाल्यावर त्याला साठ दिवस मिळतात, आणि लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच सर्व देणे भागवून मालमत्ता सोडविता येते. असा कागद घरात आला की तो बहुधा प्रथम गावच्या शिक्षकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे वाचावयास नेला जातो. त्यांनी त्यावरील तारीख नीट वाचून सांगितली, तरी एखादे घर वाचू शकते.