ब्युरेटपाशी
(नाशिक येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय 'विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याच्या विज्ञान-पदवीचे नियोजन' असा भारदस्त छापला आहे, आणि ज्यांच्या घरचा असा मुलगा किंवा मुलगी यंदा बारावी झाली आहे, ती मंडळी वही-पेन्सिल घेऊन पुढच्या रांगांत बसली आहेत, हे मला येथून दिसते. त्यांनी आरंभीच जाणून असावे की उभा जन्म रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे मला कोणताही विषय दिला तरी मी अखेर ब्युरेटपाशीच, थेंबाथेंबाने द्रावण मोजणाऱ्या त्या तोटीच्या काचनळीपाशीच, येऊन थांबतो. (हशा)

कायद्याचा भाग आपणांस अवगत आहे, म्हणून तो मी ओलांडून जातो. २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम, त्यात मोजलेले २१ प्रकार, शासकीय आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागा, लेखनिक, परीक्षेत तासामागे २० मिनिटांचा जादा वेळ, ही यादी येथील पालकांना माझ्यापेक्षा अधिक तोंडपाठ असेल. मला एवढेच सुचवायचे आहे की या यादीतील सवलती एक तर प्रवेशाच्या खिडकीशी किंवा परीक्षेच्या दालनाशी संपतात. या दोहोंच्या मधली जी तीन-चार वर्षे विद्यार्थी प्रयोगशाळेत काढतो, किंवा त्याने काढायला हवीत, त्यांविषयी दप्तरात एक ओळही सहसा सापडत नाही. माझे मत, आणि त्याला माझा हट्ट म्हटले तरी चालेल, असे आहे की पदवीचा आराखडा प्रयोगशाळेच्या टेबलापासून सुरू करावा आणि बाकीचे सारे मागाहून रचावे.

एका महाविद्यालयात, त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, मी बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो. एका अल्पदृष्टी विद्यार्थ्याचे जर्नल माझ्यापुढे आले. अक्षर नेटके, आकडे बिनचूक, प्रत्येक पानावर सही. मी त्याला म्हटले, "बाळ, ब्युरेटची तोटी कोणत्या हाताने धरतोस?" तो शांतपणे म्हणाला, "सर, मी धरलेली नाही. जोडीदार करतो, मी रीडिंग लिहून घेतो." त्याच्या प्राध्यापकांनी हे क्रौर्याने केले नव्हते, मायेनेच केले होते. पोराला इजा होऊ नये म्हणून त्यांनी त्याला भिंतीजवळच्या स्टुलावर बसवले, गुण पुरेपूर दिले, आणि ज्या कारणासाठी तो विज्ञानाकडे आला तेवढे मात्र त्याच्यापासून काढून घेतले.

आता कोणी म्हणेल, फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग ज्याला दिसत नाही त्याने अनुमापन, म्हणजे ब्युरेटने आम्ल-अल्कलीचे मोजमाप, करावे तरी कसे? येथे मला कांद्याविषयी दोन शब्द बोलू द्या. (हशा) हसू नका. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याने तरी कांद्याला हसू नये. कांदा बारीक चिरावा, स्वच्छ कापडाच्या पट्ट्यांसह पिशवीत घट्ट बांधून रात्रभर शीतपेटीत ठेवावा. सकाळी एका पट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत, दुसरीवर सोडियम हायड्रॉक्साइडचे, आणि दोन्ही पाण्याने धुऊन हुंगाव्यात. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा दर्प जसाच्या तसा, अल्कलीच्या पट्टीचा दर्प नाहीसा! हा माझा शोध नव्हे, एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो छापलेला आहे, व्हॅनिलाचे नावही त्याच्याच शेजारी आहे. म्हणजे ज्या मुलाला आपण दृष्टीच्या सबबीवर बाहेर ठेवतो त्याच्या नाकाला पुरेल असा आम्ल-अल्कली ओळखणारा दर्शक आपल्या शेतात पिकतो, भाव पडला म्हणून रस्त्यावर ओतला जातो, आणि महाविद्यालयाच्या मागणीपत्रकात मात्र कधी चढत नाही. (टाळ्या) सूक्ष्म मापनाला नाक पुरत नाही, हे मान्य. तेथे द्रावणाची विद्युतवाहकता मोजावी, आकडा यंत्राने मोठ्याने वाचून दाखवावा. हल्ली वाचून दाखवण्याचे काम भ्रमणध्वनीसुद्धा करतो. नाका-कानाचे झाले, आता बोटांचे ऐका. गीरत वर्मे हे हॉलंडमध्ये जन्मलेले, वयाच्या तिसऱ्या वर्षी दृष्टी गेलेले जीवशास्त्रज्ञ शंखांवरचे खेकड्यांच्या नांगीचे व्रण बोटांनी वाचत उत्क्रांतीचा इतिहास मांडीत आले, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

उजवीकडे बसलेले माझे एक जुने सहकारी मान हलवीत आहेत. त्यांचा आक्षेप मला पाठ आहे. दर्जा उतरेल आणि आम्ल सांडेल! महाशय, माझ्या सदऱ्यांना जितकी भोके पडली ती सारी उत्तम दृष्टीच्या विद्यार्थ्यांनी पाडली. (हशा) आणि दर्जाविषयी म्हणाल, तर अनुमापनाचे उत्तर दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत जुळलेच पाहिजे, यात एका थेंबाचीही सूट मी मागत नाही. उत्तरापर्यंत जाण्याचा मार्ग तेवढा दुसरा असू द्या.

आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, म्हणून त्या क्षेत्रातील एक गोष्ट सांगतो. वैद्यकीय प्रवेशाला जुन्या नियमांचा एक विलक्षण पेच होता: राखीव जागेसाठी अपंगत्व किमान ४० टक्के हवे, आणि ४० टक्क्यांवर गेले की काही प्रकारांत विद्यार्थी मुळातच अपात्र! महाराष्ट्रातील वाचादोष असलेला एक विद्यार्थी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने निर्णय दिला की नुसत्या टक्केवारीवरून कोणाला बाहेर ठेवता येणार नाही. तो प्रत्यक्षात अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय, हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिले पाहिजे. माझ्या टेबलाचा मुद्दा तरी याहून निराळा कोठे आहे? आणि ज्या पटांगणात आपण बसलो आहोत ते ज्यांच्या नावाचे आहे, त्या यशवंतराव महाराजांना लोक देवमामलेदार का म्हणू लागले? १८७०-७१ च्या दुष्काळात सटाण्याच्या मामलेदाराने सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला म्हणून. त्या मानाने आजच्या विभागप्रमुखाकडे आपण काय मागतो? शनिवारी दुपारी दोन तास प्रयोगशाळेची किल्ली!

चिटणीसांची चिठ्ठी आली. पाच मिनिटे उरली म्हणतात, आणि नियोजन तर अजून पुढेच आहे. (हशा) तेव्हा वहीवाल्यांनी भराभर लिहून घ्यावे.

एक: प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलाला घेऊन प्रयोगशाळा पाहा, टेबलाची उंची, चाकाच्या खुर्चीला वळायला जागा, धूर ओढणाऱ्या पंख्याचा आवाज. स्वमग्न मुलाला तो आवाज असह्य होत असेल, तर ते जूनमध्येच कळलेले बरे. दोन: ज्याला वाचनाची अडचण आहे त्याच्यासाठी कृतीचे पायरीवार चित्रपत्रक, आणि वर्षभर तेच टेबल, तोच जोडीदार, हे लेखी मागा. तीन: प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास, मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणाऱ्या श्रेयांक-पेढीची सोय २०२१ पासून आहे आणि तिच्यातील श्रेयांक सात वर्षांपर्यंत टिकतात, म्हणून एका सत्रात प्रात्यक्षिके थोडी घेऊन पदवी सावकाश पुरी करता येईल काय, हे विद्यापीठाला विचारा, तीन वर्षांतच झाली पाहिजे हा आग्रह बहुधा आपल्या नातेवाइकांचा असतो. चार: जोडीदार मदत करील, पण तोटी आपला मुलगाच फिरवील, असे विभागप्रमुखांकडून कागदावर घ्या.

आणि कोणी म्हणाले की अशी मागणी आजवर कोणीच केली नव्हती, तर नम्रपणे सांगा, "म्हणूनच आम्ही आलो." मग आवक-लिपिकाकडून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका.