सेवाभावी संस्था आणि सामाजिक उद्योग



सेवाभावी संस्थेला इमारतीसाठी देणगी मिळविणे तुलनेने सोपे असते. कोनशिलेवर नाव कोरता येते, उद्घाटनाचा समारंभ होतो, छायाचित्र छापून येते. परंतु त्याच इमारतीचे वीजबिल, औषधांचा साठा आणि सफाई कामगाराचा पगार यांच्या नावे संगमरवरी पाटी कोणी लावीत नाही. परिणामी भिंती भक्कम आणि कपाटे रिकामी, अशी अवस्था अनेक धर्मादाय दवाखान्यांत दिसते. हा दैनंदिन खर्चाचा प्रश्न सोडविण्याचा एक मार्ग म्हणजे सामाजिक उद्योग. ‘सोशल एंटरप्राइज’ हे त्याचे आज रूढ झालेले नाव. वस्तू वा सेवा विकून खर्च भागवावयाचा आणि उरलेली रक्कम वाटून न घेता त्याच कार्यात लावावयाची, इतका त्याचा सरळ अर्थ आहे.

ही कल्पना या देशाला नवी नाही. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. मात्र धर्मादाय संस्थेपुढील पेच निराळा असतो. तिच्या दारी येणाऱ्या गरजूजवळ मुळात पैसेच नसतात. मग विकावयाचे काय आणि कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने कृतीने दिले आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, अवघ्या ११ खाटांवर हे रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्याच बोटांना सराव देऊन त्यांनी मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या. तेथे शुल्क द्यावयाचे की विनामूल्य विभागात जावयाचे, हे रुग्णाने स्वतः ठरवावयाचे असते. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. शुल्क देणाऱ्यास स्वतंत्र खोली मिळते, विनामूल्य रुग्णास सामायिक कक्षात चटई मिळते. परंतु शल्यचिकित्सक तेच असतात आणि ते दोन्ही विभागांत आळीपाळीने काम करतात.

येथे एक बाब ध्यानी घेण्याजोगी आहे. शुल्क देणारा रुग्ण तेथे दानधर्म करण्यास येत नाही. उपचार उत्तम आणि दर वाजवी म्हणून येतो. ग्राहकाची कीव जागवून माल एकदा खपतो, दुसऱ्यांदा खपत नाही, हे पेढीवर बसणाऱ्या कोणासही ठाऊक असते.

दुसरी बाब खर्चाची. शल्यचिकित्सकाचा वेळ सर्वांत महाग, म्हणून तो वाया जाऊ द्यावयाचा नाही, असे तेथे ठरले. दोन टेबले शेजारी-शेजारी असतात. एकावरील शस्त्रक्रिया संपेपर्यंत दुसऱ्यावरील रुग्ण सिद्ध असतो. पूर्वतयारीची बरीचशी कामे खेड्यापाड्यांतून आलेल्या, तेथेच प्रशिक्षण घेतलेल्या मुली करतात. डोळ्यात बसवावयाचे परदेशी भिंग त्या काळी १०० डॉलरच्या घरात पडत असे. तेव्हा १९९२ साली ‘ऑरोलॅब’ काढून भिंगे देशातच तयार करण्यास आरंभ झाला आणि किंमत सुमारे १० डॉलरवर आली. हीच भिंगे पुढे परदेशांतही विकली जाऊ लागली.

याच्या तुलनेत, सभागृह लग्नकार्यास भाड्याने देऊन दवाखान्याची तूट भरून काढणे हा उत्पन्नाचा निर्दोष मार्ग असला, तरी त्यास सामाजिक उद्योग म्हणणे कठीण. भाडे येते, तूट भरते; दवाखाना मात्र होता तसाच उधळा राहतो.

कायद्याच्या चौकटीचे भानही हवे. आयकरातील सवलत टिकवावयाची तर व्यवसाय संस्थेच्या उद्दिष्टाला आनुषंगिक असला पाहिजे आणि त्याची हिशेबवही स्वतंत्र ठेवली पाहिजे. शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, गरिबांना मदत यांसारख्या स्वतंत्रपणे नमूद उद्दिष्टांत न बसता केवळ ‘सार्वजनिक उपयुक्तता’ या सर्वसाधारण सदरात मोडणाऱ्या संस्थांना अशा व्यवसायातील जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. नोंदणीकृत न्यासाला कर्ज काढावयाचे असल्यास धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आवश्यक ठरते. सनदी लेखापालाचा सल्ला आरंभीच घ्यावा. वर्षअखेरीस घेतलेला सल्ला बहुधा दंडाच्या रकमेसह येतो.

तथापि या सर्वांआधीचे काम अगदी साधे आहे. एक सेवा निवडावी आणि तिच्यावर वर्षभरात होणारा खर्च मांडावा. विनावेतन येणाऱ्या डॉक्टरांचा वेळ आणि संस्थेच्या मालकीच्या जागेचे भाडेसुद्धा त्यात धरावे, कारण डॉक्टर कायम विनावेतन येतीलच असे नाही. एक रुग्ण तपासण्यास किती रुपये लागतात, हा आकडा हाती नसेल तर केसपेपरचे शुल्क १० रुपये असावे की ५०, यावर विश्वस्तांच्या सभेत दोन-दोन तास चर्चा होते आणि अखेरीस विषय पुढील सभेवर ढकलला जातो.